शीर

येळवस होऊन दोन दिवस झालेत.
शेजारच्या शेतात कडब्याची खोपी अजून उभी,
आमच्या दारात आंबिलीचं मडकं घासून पालथं.
आज गोड नाही, माय सकाळीच म्हणाली,
आणि बापानं सुतकी मागितली.

सव्वा एकर माळ आहे आमचा
मन्याडच्या अलीकडे, खाणीच्या खांद्याला.
निम्म्यात तूर, निम्म्यात दगड,
मधे बाभळीच्या काट्यांआड डुकरांचं खोपट.
पाचांतला हा थोरला.
शाळेच्या खिचडीचा करपा, हॉटेलातलं खरकटं,
हरभऱ्याचे पोचट घाटे, आठ महिने.
नाव नव्हतं त्याला.
जीभ टाळूला लावून टक् टक् केलं
की कुठूनही यायचा, कानांनी माशा हाकत.
आज तोच आवाज मायनं केला, एकदाच.
मग आमच्या बोलीत काहीतरी पुटपुटली,
जी बोली आम्ही गावात बोलत नाही,
आणि घरात गेली.

बापाचे हात आता थरथरतात.
चाळीस वर्षांची सुतकी कोपरात शिरून बसलीय.
मला शिकवताना म्हणायचा,
"आधी हात फिरव. काळ्या पत्थरालाबी शीर असती पोरा.
ती घावली की एकच ठोका.
दुसरा लागला तर चूक तुझी, दगडाची न्हाई."

डोळ्यांच्या जरा वर, कपाळावरची जागा
त्यानं अंगठ्यानं दाखवली.
डुकराला वाटलं, खाजवतोय.
त्यानं डोळे मिटले.

मला दोन ठोके लागले.

त्या दोनांच्या मधे जे ओरडणं झालं
ते खाणीच्या भिंतीला लागून परत आलं.
तुरीतले होले उडाले.
नागम्मा मावशीनं सुरी घातली,
जर्मनच्या पातेल्यात रक्त धरलं, मीठ टाकून
हातानं हलवत राहिली, गाठी होऊ नयेत म्हणून.
बाप काही बोलला नाही.
मागच्या सालच्या तुऱ्हाट्या ओढून त्यानं जाळ केला.

तुऱ्हाटीचा जाळ चटकन चढतो, चटकन उतरतो,
केस जळायला तेवढाच लागतो.
(पाठीचे राठ केस आधीच उपटलेले,
लोह्याच्या बाजारात ब्रशवाला घेतो.)
वास गावापर्यंत जातो
आणि गाव खिडक्या लावून घेतं.
खापरानं घासघासून कातडी पांढरी झाली,
वर हळद चोळली.
घटकाभर तो पाटावर बसवलेल्या
नवरदेवासारखा दिसला.

पोट उघडलं तशी वाफ आली.
थंडी होती. न ठरवता
आम्ही सगळ्यांनी हात पुढे केले.

वाटे अकरा, पळसाच्या पानांवर.
तिम्माच्या पोराला पाठमोरा उभा केला,
"ह्यो कुनाचा?"
तो नावं घेत गेला. आपलं विसरला, सगळे हसले.
इठाबाई एकटी, तिच्या वाट्यात
कुणीतरी जास्तीची बरगडी सरकवली. कुणी, ते विचारलं नाही.

अंधार पडल्यावर बांधाकडून
पाटलाचा सालगडी येतो.
बैलाचा खांदा सुजलाय, चरबी पाहिजे.
तो बैल दरवर्षी याच रात्री सुजतो.
माय बरणी भरते
आणि कागदात अर्धा शेर मांस बांधते,
बैलासाठी.

निजताना बाप अंधारात बोलला,
"माझा तर तिसऱ्याला बसला हुता."
कूस बदलली.
"तुज्या आज्यानं महिनाभर सुतकीला हात लावू दिला न्हाई."
आणि लगेच घोरू लागला.

सकाळी करपा घेऊन खोपटाकडे गेलो.
जीभ टाळूला लावायला धजेना.
चौघं तशीच आली, आवाजाशिवाय.
एकानं कपाळ माझ्या गुडघ्यावर घासलं.
मी हात फिरवला.
बोटं शीर शोधत राहिली.